महाराष्ट्रातून औद्योगिक अल्कोहोलची निर्यात संपत चालली आहे का? आलेखावरून निष्कर्ष काढण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रबंधासाठी २००० सालापासूनची अल्कोहोल निर्यातीची आकडेवारी जमवली, वर्षवार आलेख काढला, पण रेषा कुठेच सरळ जात नाही. मध्येच उंच जाते, मध्येच जमिनीला टेकते, आणि २०१८ नंतर खाली झुकलेली दिसते. तेव्हा ‘महाराष्ट्राची औद्योगिक अल्कोहोलची निर्यात दीर्घकाळात घटत आहे’ असं लिहायचं का, आणि पदवीनंतर या धंद्यात उतरण्यात अर्थ आहे का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या डिस्टिलऱ्यांचा माल परदेशी लावणं हे माझं काम. आधी कारखान्याच्या बाजूने केलं, नंतर निर्यातदाराच्या. त्या अनुभवातून सांगतो की तुमची अडचण रेषेची नाही. एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्या आहेत, आणि मोजली गेलेली वस्तू मुळात शिल्लक आहे. शेतकऱ्याच्या घरची ज्वारी जशी घरचं भागलं की मगच बाजारात जाते, तसं आपलं अल्कोहोल देशातली गरज भागल्यावर परदेशी जातं. कोणत्या वर्षी बाजारात किती पोती गेली एवढं पाहून त्या घरच्या शेतीची प्रगती सांगता येत नाही. पीक किती आलं आणि घरात खाणारी तोंडं किती, हे आधी बघावं लागतं.

आधी पिकाचं बघू. महाराष्ट्रातलं उसाधारित अल्कोहोल म्हणजे साखर कारखान्याच्या गाळपाची सावली. एक टन ऊस गाळला की साधारण ४५ किलो सी-हेवी मळी (साखर काढून झाल्यावर शेवटी उरणारी) निघते, आणि त्या मळीतून दहा-अकरा लिटर अल्कोहोल. म्हणजे गाळप कोसळलं की अल्कोहोल कोसळणारच, मग परदेशात भाव कितीही चांगला असो. राज्याचं साखर उत्पादन २००४-०५ मध्ये सुमारे २२ लाख टनांवर आलं होतं. दुष्काळ होता आणि उसावर लोकरी मावा पडला होता. दोनच वर्षांनी, २००६-०७ मध्ये, ते ९० लाख टनांच्या पुढे गेलं. २०१६-१७ मध्ये पुन्हा ४२ लाखांच्या आसपास, पुढच्याच वर्षी १०७ लाख. २०२१-२२ मध्ये १३७ लाख आणि २०२४-२५ मध्ये ८१ लाखांच्या घरात. कच्चा माल इतका हेलकावे खात असेल तर निर्यातीची रेषा सरळ यायची कुठून? २००४ च्या सुमारास तर देशात अल्कोहोलचा इतका तुटवडा होता की भारत ब्राझीलच्या इथेनॉलच्या, म्हणजे याच अल्कोहोलच्या, सर्वांत मोठ्या ग्राहकांत गणला जात होता. त्या वर्षांतला तुमच्या आलेखातला खड्डा हा परदेशी मागणी घटल्याचा पुरावा नाही. माल नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की लिटरचा आलेख बाजूला ठेवा आणि उत्पादनाशी प्रमाण काढा. त्या हंगामात राज्यात किती अल्कोहोल तयार झालं आणि त्यातले किती टक्के बाहेर गेले, हे पाहा. हे करताना वर्षांची गल्लत होऊ देऊ नका. कस्टम्सची आकडेवारी एप्रिल ते मार्च असते, साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. इथेनॉल पुरवठा वर्ष (पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल तेल कंपन्यांना देण्याचं) आधी डिसेंबर ते नोव्हेंबर होतं. पुढे ते नोव्हेंबर ते ऑक्टोबर केलं, त्यामुळे २०२२-२३ चं पुरवठा वर्ष अकराच महिन्यांचं भरलं. जानेवारी-फेब्रुवारीत गाळलेल्या उसाची मळी टाकीत थांबते, तिचं अल्कोहोल एप्रिल-मेमध्ये जहाजावर चढतं, आणि कागदावर ते पुढच्या आर्थिक वर्षात पडतं. दुष्काळाच्या आदल्या हंगामातला माल दुष्काळी वर्षाच्या खात्यात दिसतो तो यामुळेच. मासिक आकडे मिळत असतील तर ते घ्या आणि ऑक्टोबरपासून बेरीज करा. निम्मा गोंधळ तिथेच सुटेल.

आता खाणारी तोंडं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दीर्घकालीन बदल इथे झाला आहे.

१९९३ पर्यंत मळी आणि अल्कोहोल दोन्हींच्या किमती आणि वाटपावर केंद्राचं नियंत्रण होतं. जून १९९३ मध्ये ते उठलं. त्याआधीच्या निर्यातीचे आकडे बाजाराविषयी फारसं सांगत नाहीत, कोणाला परवानगी मिळाली एवढंच सांगतात. तुम्ही २००० पासून सुरुवात केलीत हे चांगलं केलंत, मागे जायचं झालं तरी १९९३ च्या पलीकडे जाऊ नका. नियंत्रण उठल्यावर पहिल्या काळात कारखान्याच्या दृष्टीने अल्कोहोल हे उपपदार्थच होतं. साखर विकून पैसे येणार, मळी तर निघणारच, तिचं काहीतरी करायचं. देशात अल्कोहोलवर चालणारे रसायन कारखाने घेतील तेवढं घेत, मद्याला काही जाई, आणि टाक्या भरल्या की उरलेलं बाहेर. पश्चिम आफ्रिकेतले खरेदीदार, नायजेरिया, घाना, कॅमेरून, यांच्याशी आपल्या लोकांचे संबंध अशाच काळात जमले. हंगाम भरात असताना टाकी रिकामी करणं हीच कारखान्याची निकड असे, आणि ती निकड ओळखणारा व्यापारी स्वस्तात माल उचलत असे.

मग घरात नवं तोंड आलं, पेट्रोल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांतले दोन आपल्याच राज्यात मिरज आणि मनमाडला होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यं आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम लागू झाला, पण तुटवड्याने लगेच ढिला पडला. त्यानंतर दहा वर्षं हा कार्यक्रम रडतखडत चालला. २०१३-१४ मध्ये देशभरात जेमतेम ३८ कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेलं, मिश्रण दीड टक्का. म्हणजे या काळापर्यंत पेट्रोलला निर्यातीचा खरा स्पर्धक म्हणता येत नव्हतं.

चित्र बदललं ते २०१४ च्या अखेरीस ठरलेल्या खरेदी दरापासून, आणि पूर्ण उलटलं २०१८ मध्ये. जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (जिच्यात थोडी साखर मुद्दाम सोडलेली असते) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायला वाट दिली, त्यांना वेगवेगळे दर लावले, आणि डिस्टिलरी उभारायला व्याज सवलतीची कर्जं आली. २०२३-२४ पर्यंत मिश्रण १४.६ टक्क्यांवर आणि पुरवठा ७०० कोटी लिटरच्या पुढे गेला, पुढच्या वर्षी वीस टक्क्यांच्या घरात पोचला. आता एका डिस्टिलरी मॅनेजरच्या जागी बसून विचार करा. सी-हेवीच्या इथेनॉलला २०२४-२५ साठी लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१. ग्राहक सरकारी तेल कंपनी, दर आधी जाहीर, पैसे बुडायची भीती नाही. दुसऱ्या बाजूला परदेशी ग्राहक, डॉलरचा चढउतार, लेटर ऑफ क्रेडिटची (बँकेच्या हमीची) कागदपत्रं, बंदरावर जहाज लांबलं तर डेमरेज म्हणजे उशिराचा दंड, आणि भाव ठरवणार अमेरिकेचा मका नाहीतर ब्राझीलचा ऊस. यात निर्यात निवडणारा मॅनेजर संचालक मंडळाला तोंड कसं देईल?

याच्याही खाली एक मोठा बदल आहे. सी-हेवीच्या काळात अल्कोहोल साखरेच्या मागून फुकट येत होतं. रसापासून केलं तर टनाला सत्तर लिटरच्या आसपास मिळतं, पण त्या टनाची साखर सोडावी लागते. म्हणजे अल्कोहोलचा उत्पादन खर्च आता उसाच्या एफआरपीला (केंद्राने ठरवलेल्या किमान दराला) आणि साखरेच्या भावाला बांधला गेला. एफआरपी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला २०२४-२५ मध्ये क्विंटलमागे ३४० रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ झाली. टाकी रिकामी करण्यासाठी मिळेल त्या भावाने बाहेर विकायचं, हा जुना हिशेब रसाच्या अल्कोहोलला लावताच येत नाही. तुमच्या आलेखात २०१८ नंतर जो उतार दिसतो त्याचं माझ्या मते मुख्य कारण हे आहे. परदेशी ग्राहक गेला नाही. आपण त्याच्या भावाला परवडेनासे झालो, आणि आपल्याला घरात बरा ग्राहक मिळाला.

ताळा म्हणून पाकिस्तानकडे पाहा. ऊस तोच, मळी तीच, खरेदीदारही बरेचसे तेच. तिथे पेट्रोलमध्ये मिसळण्याचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला नाही, म्हणून त्यांच्या अल्कोहोलचा मोठा हिस्सा निर्यातीलाच जातो. जागतिक मागणी आटली असती तर उतार दोन्हीकडे दिसायला हवा होता. प्रबंधात ही तुलना जरूर घ्या.

आता तुम्ही नेमकं काय मोजता आहात याकडे येऊ. तुम्ही कस्टम्सच्या २२०७ या शीर्षाखालचे आकडे घेतले असावेत. त्यात २२०७.१० म्हणजे डिनेचर न केलेलं (पिता येऊ नये म्हणून काही न मिसळलेलं), ऐंशी टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल, आणि २२०७.२० म्हणजे डिनेचर केलेलं. बरेच अभ्यासक दुसऱ्यालाच औद्योगिक धरतात आणि पहिलं मद्याचं समजून सोडून देतात. प्रत्यक्षात २२०७.१० मधून जाणारं ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे अतिशुद्ध अल्कोहोल) अत्तराला, औषधाला, रसायनाला आणि मद्याला, सगळीकडे जातं. ड्रमवर वापर लिहिलेला नसतो. परदेशी ग्राहक आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे तिथे डिनेचर करतो, कारण कोणतं डिनेचरंट चालतं हे देशोदेशी वेगळं असतं. युरोपीय संघात तर जकातच वेगळी आहे: डिनेचर न केलेल्याला हेक्टोलिटरला १९.२ युरो, केलेल्याला १०.२. त्यामुळे एकाच मालाने ग्राहकाच्या सोयीप्रमाणे कोड बदलला असं होऊ शकतं. दोन्ही उपशीर्षांची बेरीज करून काम करा आणि ‘औद्योगिक’ हा शब्द वापरताना ही मर्यादा स्पष्ट लिहा.

माल खरोखर कुठल्या दर्जाचा आहे हे कोडपेक्षा प्रयोगशाळेत जास्त कळतं. ईएनएचा ग्राहक परमँगनेट टाइम विचारतो. नमुना १५ अंशाला आणायचा, त्यात पोटॅशियम परमँगनेटचं ठरलेलं द्रावण टाकायचं, आणि जांभळा रंग उतरून ठरलेल्या फिकट छटेला यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघायचं. अशुद्धी जास्त असेल तर रंग भराभर उतरतो. साध्या रेक्टिफाइड स्पिरिटचा (ईएनएइतकं शुद्ध न केलेल्या अल्कोहोलचा) काही मिनिटांत जातो, चांगलं ईएनए अर्धा तास टिकतं. जुन्या डिस्टिलऱ्या मुख्यतः स्पिरिट काढायच्या. पुढे ऊर्ध्वपातनाचे जादा स्तंभ बसवून त्या ईएनएवर आल्या, आणि २०१८ नंतर बऱ्याच जणांनी पैसा मॉलिक्युलर सीव्हवर घातला, ज्यातून पेट्रोलसाठीचं निर्जल इथेनॉल निघतं. ही यंत्रसामग्रीची निवड मला निर्यातीच्या भवितव्यासाठी आकड्यांपेक्षा बोलकी वाटते. सीव्हसाठी कर्ज काढलेला कारखाना परदेशी ग्राहकाच्या मिनिटांमागे लागत नाही, आणि एकदा हातचं गेलेलं गुणवत्तेचं कसब दोन हंगामांत परत येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मोजमापाचं आणखी एक. आपल्याकडे कस्टम्सचं एकक लिटर आहे, परदेशी आकडेवारी पुष्कळदा टनात किंवा घनमीटरमध्ये असते. निर्जल अल्कोहोलचा टन म्हणजे २० अंशाला सुमारे १,२६७ लिटर, ९५ टक्के स्पिरिटचा टन सुमारे १,२३०. एकच गुणक सगळीकडे लावला तर तीन टक्क्यांची चूक बसते. त्यात तापमान. अल्कोहोल अंशाला साधारण ०.११ टक्के फुगतं. चोवीस हजार लिटर माल दुपारच्या उन्हात मोजून भरला आणि तिकडे दहा अंश कमी तापमानात उतरवला तर अडीचशे लिटर ‘कमी’ भरतात, एक थेंब न सांडता. म्हणून करारात कोणत्या तापमानाचे लिटर ते लिहावं लागतं. आपली आकडेवारी आणि आयात करणाऱ्या देशाची आकडेवारी जुळत नाही म्हणून लगेच चोरीचा संशय घेऊ नका, आधी हे तपासा.

आणि ‘महाराष्ट्रातून’ म्हणजे काय, हेही ठरवा. न्हावा शेवा बंदरातून गेलेलं सगळं महाराष्ट्राचं नसतं. बेळगाव-बागलकोटचा माल तिथून जातो, आणि आपल्या उत्तरेकडच्या कारखान्यांना गुजरातची बंदरं सोयीची पडू शकतात. शिपिंग बिलात (निर्यातीच्या कस्टम्स कागदात) मूळ राज्य आणि जिल्हा नोंदवणं १५ फेब्रुवारी २०२० पासून सक्तीचं झालं. त्याआधीची राज्यवार विभागणी सैल आहे. म्हणून २०१९ पर्यंतची आणि २०२० नंतरची राज्यवार मालिका एका रेषेने जोडू नका. जोडलीत तर नोंदीतला बदल व्यापारातला बदल म्हणून दिसेल. आधीच्या काळासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडचे निर्यात परवान्यांचे आकडे मिळाले तर ते कस्टम्सपेक्षा भरवशाचे, कारण डिस्टिलरीच्या फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक टँकर तिथे लिटरनिशी नोंदलेला असतो.

इथवरचा गोषवारा असा की उत्पादनाशी प्रमाण काढा, २००३, २०१४ आणि २०१८ हे टप्पे वेगळे ठेवा, दोन्ही उपशीर्षं एकत्र घ्या, २०२० चा सांधा उघडा ठेवा. आणि रुपयांतला आलेख तर काढूच नका. डॉलर २००४-०५ मध्ये ४५ रुपयांच्या आसपास होता, आता ८५ च्या पुढे आहे. नुसत्या विनिमय दराने रेषा वर चढते.

एवढं केल्यावर घट दिसेलच, पण एक गोष्ट उरते जी २२०७ मध्ये कधीच दिसणार नाही. अल्कोहोल दोन वेगळ्या रूपांतही देशाबाहेर जातं. एक, अल्कोहोल होण्याआधी, म्हणजे मळी. मळीच्या निर्यातीवर केंद्राने १८ जानेवारी २०२४ पासून पन्नास टक्के शुल्क लावलं, कारण पावसाने ओढ दिली होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावरच निर्बंध आणावे लागले होते. टँकरने बंदरावर गेलेली मळी म्हणजे न झालेलं अल्कोहोल. एका टन सी-हेवी मळीत सव्वादोनशे लिटरच्या आसपास ते दडलेलं असतं. तुमच्या मालिकेत मळीची निर्यात त्या हिशेबाने मिळवून पाहा.

दुसरं रूप, आणि माझ्या दृष्टीने खरी दीर्घकालीन दिशा, म्हणजे रसायनं. महाड, नीरा, साकरवाडी या ठिकाणी अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेट, अॅसिटाल्डिहाइड आणि पुढची रसायनं होतात आणि त्यातली बरीच परदेशी जातात. इथाइल अॅसिटेटच्या एका टनाला कागदी हिशेबाने साडेसहाशे लिटरहून थोडं जास्त अल्कोहोल लागतं. २९१५.३१ या उपशीर्षाचे आकडे घेऊन अल्कोहोलमध्ये बदला आणि मूळ आलेखावर ठेवा. कच्चं अल्कोहोल बाहेर पाठवणारं राज्य त्याचं रसायन करून पाठवू लागलं, ही घट म्हणायची की प्रगती? मी तरी प्रगती म्हणेन, कारण किंमतवाढ इथे राहते. पण इथेही एक अट आहे. देशातलं अल्कोहोल पेट्रोलकडे गेल्यामुळे रसायन कारखाने अमेरिकेतून डिनेचर केलेलं अल्कोहोल आणतात. इंधनासाठी आयात २०१८ पासून प्रतिबंधित आहे, पण उद्योगाच्या प्रत्यक्ष वापरासाठी चालते, आणि अॅडव्हान्स ऑथोरायझेशन या परवान्यावर शुल्काशिवाय आणून त्याचं रसायन निर्यातही करता येतं. म्हणजे महाडहून निघालेल्या इथाइल अॅसिटेटमधलं अल्कोहोल आयोवाच्या मक्याचंही असू शकतं. आयातीचा आकडा वजा केल्याशिवाय ते आपल्या उसाच्या नावावर मांडू नका.

२०२० चं वर्ष वेगळं काढा. त्या वर्षी डिस्टिलऱ्या सॅनिटायझरकडे वळल्या, ६ मे रोजी अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरच्या निर्यातीवर बंदी आली आणि १ जूनला बरीचशी उठली. तो माल २२०७ मध्ये नाही, ३८०८ मध्ये सापडेल.

आता पुढचं, म्हणजे तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. मिश्रण वीस टक्क्यांना पोचल्यावर त्याची वाढ थांबली, पण डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढतच गेली. २०२५-२६ च्या पुरवठ्यासाठी तेल कंपन्यांकडे १,७०० कोटी लिटरहून जास्त देकार आले, वाटप झालं साडेदहाशे कोटींच्या आसपास, आणि त्यात उसाधारित इथेनॉलचा वाटा जेमतेम २८ टक्के. बाकी मका आणि तांदूळ. म्हणजे आपल्या भागातल्या टाक्यांत पुन्हा शिल्लक राहण्याची वेळ आली आहे, आणि शिल्लक राहिली की निर्यातीचा विषय संचालक मंडळासमोर येतोच. अडचण भावाची आहे. सी-हेवीचं अल्कोहोल जगाच्या भावाच्या जवळ जाऊ शकतं, रसाचं जाईल असं मला वाटत नाही. राज्याची भूमिकाही पाहावी लागेल. २३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांना कायदा करता येतो असं ठरवलं आणि १९८९ चा सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा निकाल बाजूला सारला. राज्यं यातून किती शुल्क आणि किती परवाने उभे करतात, यावर निर्यातदाराचा खर्च ठरेल.

तुम्ही या धंद्यात यायचं म्हणत असाल तर नुसत्या स्पिरिटच्या दलालीत येऊ नका. त्यात चांगली वर्षं आणि रिकामी वर्षं आलटून पालटून येतात आणि नवख्याला रिकामं वर्ष झेपत नाही. उच्च दर्जाचं ईएनए, औषधी दर्जाचं अल्कोहोल, किंवा अल्कोहोलपासूनची रसायनं यांपैकी एक धरा, आणि सुरुवात प्रयोगशाळेतून करा. परदेशी ग्राहकाचा पहिला ईमेल भावाचा असतो, दुसरा नमुन्याच्या अहवालाचा, आणि ऑर्डर मिळते की नाही ते दुसऱ्यावर ठरतं.

मासिक आकडे हाती आले की ऑक्टोबर ते सप्टेंबर अशी बेरीज करून इथे टाका. २००३ ते २००६ आणि २०१८ ते २०२१ हे दोन पट्टे आधी बघू, बाकीचं त्यानंतर.